आईला घेऊन नाराचं तोदाइजी : टूरबरोबर की आपलं आपण?

फडकेवाडी

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या अखेरीस आईला घेऊन जपानला जातोय. तिने टीव्हीवर नाराची ती प्रचंड बुद्धमूर्ती पाहिली आणि "एवढा मोठा देव ओतला कसा असेल रे?" असं विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की आता फुजी-बिजी राहिलं तरी चालेल, पण हे राहून चालणार नाही.

टूरवाल्याचा कागद हातात आलाय. त्यात लिहिलंय : "नारा – तोदाइजी मंदिर व हरिण उद्यान (१ तास), दुपारचे भोजन, क्योतोकडे प्रयाण." एक तास! त्यात चाळीस माणसं बसमधून उतरणार, अर्धी बाथरूम शोधणार, उरलेली हरणांबरोबर फोटो काढणार. देव कधी बघायचा? आई बहात्तरची आहे. सपाटीवर चालते, रोज चौपाटीला फेरी असते. पण जिना आला की कठडा धरून एकेक पायरी. घाई केली की चिडते, ते वेगळंच.

मुक्काम ओसाकाला, नांबा भागात. तेव्हा त्या दिवशी टूरला रामराम ठोकून आम्ही मायलेकांनीच नाराला जावं का? मला जपानी "अरिगातो"च्या पुढे येत नाही.

आईचे प्रश्न जसेच्या तसे देतो, हसू नका. चपला कुठे काढायच्या आणि परत येईपर्यंत राहतात का? नारळ, हार, उदबत्ती इथून न्यायची का? परदेशी म्हणून बाहेरूनच हात जोडायला लावतात का? प्रसाद काय असतो, त्यात अंडं असतं का? देवापुढे म्हणायचं काय? आणि साडी चालेल ना? (ड्रेस घालणार नाही. तो विषय घरात संपलेला आहे.) मध्ये संकष्टी आली तर उपासाचं काय, हेही सांगा.

शेवटची_कर्जत

नाराला कशाला जाताय? तोक्योत असाकुसाचं सेन्सोजी करा. स्टेशनातून बाहेर पडलं की देऊळ, सगळं सपाट, तिकीट नाही. दारातला लाल कंदील ७०० किलोचा आहे. त्याच्याखाली फोटो काढायचा, मग अडीचशे मीटर दुकानं, मग देऊळ. कामासाठी गेलो होतो तेव्हा पहाटे उघडतानाच जाऊन आलो. दुकानं बंद होती, पण गर्दीही नव्हती. तुमच्या वेळी साडेसहाला उघडेल, उन्हाळ्यात सहाला उघडतं.

शंभर येन टाकून नशिबाची चिठ्ठी काढतात. माझी वाईट निघाली. तिथे वाईट चिठ्ठ्या जरा जास्तच निघतात असं लोक म्हणतात. ती तिथल्याच तारेला बांधायची आणि निघायचं, म्हणजे ते नशीब तिथेच राहतं. बांधली, निघालो, परत येऊन बघतो तर अप्रेझल व्हायचं तसंच झालं.

पार्ल्याची_मावशी

कर्जतकर, सेन्सोजी चांगलं आहे, पण त्यांनी विचारलंय नाराचं. शिवाय सेन्सोजीतली मूळ कान्नोनची (म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची) मूर्ती कोणाला दाखवतच नाहीत, ती कायम आड असते. आणि जुनं देऊळ १९४५च्या बाँबहल्ल्यात जळालं, आत्ताचं १९५८चं काँक्रीटचं आहे. त्यांच्या आईला देव बघायचाय, कंदील नव्हे.

फडकेवाडी, आता ऐक. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओसाकात बरीच वर्षं काढली. मुंबईहून कोणीही आलं की त्याला नाराला नेऊन आणायचं काम माझं. सासूबाई, नणंद, नणंदेचे व्याही, सगळ्यांना मी ते देऊळ दाखवलंय. बिनधास्त टूर सोड. त्या तासाभरात लोक हरणांना बिस्किटं घालतात, मूर्तीसमोर पाठ करून सेल्फी काढतात आणि बसमध्ये जाऊन झोपतात. तोदाइजीला अर्धा दिवस दे आणि त्या अर्ध्या दिवसात दुसरं काही घालू नकोस.

नांबाहून किन्तेत्सु लाइनची गाडी पकड. थेट जाते, साधारण चाळीस मिनिटं लागतात. उतरायचं किन्तेत्सु-नारा स्टेशनवर. जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं नारा स्टेशन निराळं आणि देवळापासून आणखी लांब, तिकडे जाऊ नकोस. सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाक. तिथून देऊळ चालत वीसेक मिनिटांवर आहे, हलका चढ आहे. आईंना बसनेच ने, दमायचं असेल तर आत जाऊन दमू देत. ऑक्टोबरअखेरपर्यंत मूर्तीचा मंडप सकाळी साडेसातला उघडतो, नोव्हेंबर लागला की आठला. तू उघडण्याच्या वेळेला दारात हवास. थोड्याच वेळात शाळांच्या सहली येतात आणि मग जपानी शिस्त वगैरे सगळं विसरायचं, पोरं ती पोरंच.

मंडपाच्या आधी दक्षिणेचं महाद्वार लागतं. टूरवाले त्याच्याखालून पळवत नेतात, तू आईंना तिथे थांबव. दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत. एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. १२०३ साली उन्केइ आणि काइकेइ या मूर्तिकारांनी आपल्या माणसांना हाताशी धरून ६९ दिवसांत ते उभे केले. बाकी ठिकाणी द्वारपाल रस्त्याकडे बघतात, इथले एकमेकांकडे बघतात, म्हणून मधोमध उभं राहून मान दोन्हीकडे वळवायची. पुढे जाळी असल्यामुळे फोटो बरा येत नाही. बरंच आहे.

पुढे समोरचा मधला दरवाजा बंद दिसेल. घाबरू नकोस, तिकीट आणि वाट डाव्या हाताला आहे. रोख पैसे ठेव, सुटे ठेव. आत अंगणात आठ कोनांचा ब्राँझचा मोठा दीप आहे, त्याच्या अंगावर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व आहेत. हा दीप देवळाच्या सुरुवातीच्या काळातला, म्हणजे बाराशेहून जास्त वर्षांपूर्वीचा. लोक त्याला टेकून पाणी पितात, तुम्ही जरा बघा.

आता चपला. काढायच्या नाहीत! आत दगडी फरशी आहे, सगळे बूट घालूनच जातात. माझ्या सासूबाईंचा जीव वरखाली झाला होता. त्यांनी चपला काढून पिशवीत घातल्या आणि मोज्यांवर फिरल्या, कोणी हटकलं नाही. तुझ्या आईला तसंच वाटलं तर तसं करू दे, फक्त फरशी गार असते, जाड मोजे ने.

नारळ-हार अजिबात नको. ताजी फळं-फुलं जपानच्या विमानतळावरच अडतील. उदबत्ती तिथे मिळते, अंगणातल्या पात्रात लावायची. पेटीत नाणं सोडायचं, फेकायचं नाही. हात जोडायचे, मान वाकवायची, संपलं. टाळ्या वाजवू नका. टाळ्या शिंतो देवस्थानात वाजवतात, जिथे बाहेर तोरणासारखी लाल किंवा लाकडी कमान असते तिथे. अडवत कोणालाच नाहीत, तू कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, काही विचारत नाहीत. मूर्तीला हात लावायचा, पायावर डोकं टेकवायचं, असलं मात्र काही नाही. प्रसादही नाही. त्याची हुरहुर लागणार असेल तर येताना खडीसाखरेची पुडी पर्समध्ये ठेव.

आणि आईंना आवडेल असं एक सांगते. मंडपात आत शिरलं की लोक डाव्या हाताने मूर्तीच्या मागून वळसा घालून उजवीकडून बाहेर येतात. म्हणजे प्रदक्षिणाच, आणि योग्य दिशेने! मागे उजव्या-डाव्या कोपऱ्यांत दोन दिक्पाल उभे आहेत. त्यातला तामोन्तेन म्हणजे आपला कुबेर. एका खांबाला भोक आहे, मूर्तीच्या नाकपुडीएवढं. त्यातून पोरं सरपटत जातात, आईंना लांबूनच दाखव.

मूर्ती पंधरा मीटरची, बसलेली. उजवा हात अभयमुद्रेत. "ओतली कशी" हा प्रश्न तुझ्या आईने अगदी नेमका विचारलाय. ७३०च्या दशकात जपानात देवीची मोठी साथ आली, माणसं पटापट गेली. त्यानंतर ७४३ साली शोमु सम्राटाने ही मूर्ती घडवायचा हुकूम काढला. खालून वर एकेक थर साच्यात ओतत नेला. ७५२ साली डोळे उघडायचा सोहळा झाला आणि ते डोळे रेखले आपल्याकडच्या एका भिक्षूने. बोधिसेन त्याचं नाव. भारतातून चीनमार्गे ७३६ साली तिथे पोचलेला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडल्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि ती निळी दोरी अजून जपून ठेवलीय. हे सांगितल्यावर आमच्या सासूबाई मूर्तीकडे एकदम घरच्यासारखं बघायला लागल्या आणि मला म्हणाल्या, "मग आपलं एक माणूस होतं म्हणायचं तिथे."

पण आज दिसतं ते सगळं त्या काळचं समजू नका. ८५५च्या भूकंपात डोकं पडलं. ११८०च्या लढाईत देऊळ जळालं. पुन्हा उभं केलं, ते १५६७ साली पुन्हा जळालं आणि त्यानंतर ही मूर्ती शंभरेक वर्षं उघड्यावर, पावसात बसून होती. आत्ताचं डोकं सतराव्या शतकाच्या अखेरचं, मंडप १७०९चा, आणि तोही मूळच्यापेक्षा रुंदीला एकतृतीयांश कमी. तरी बघताना छाती दडपते. मूळची धातू बघायची तर बैठकीच्या कमळाच्या पाकळ्या बघा. त्यांवर बारीक रेषांनी कोरीव चित्रं आहेत आणि त्यातल्या काही पहिल्या ओतकामातल्या आहेत. मंडपातच पाकळीची प्रतिकृती खाली ठेवलीय, त्यावर रेषा नीट दिसतात.

बाहेर पडून दाराकडे तोंड केलं की उजव्या हाताला लाल टोपी घातलेला एक लाकडी बाबा बसलेला दिसेल. तो पिंडोल भारद्वाज, बुद्धाचा शिष्य, जपानी त्याला बिन्झुरु म्हणतात. आपलं जे दुखतं ते त्याचं चोळायचं आणि मग आपलं चोळायचं. आईंचे गुडघे तिथे न्या. तिथे रांग लागते, आणि ती सगळी आपल्याच वयाच्या बायकांची असते.

वरळी_बीडीडी

जय भीम. मावशींनी चांगलं लिहिलंय. एक गोष्ट जोडतो. आईंना सांगताना "गौतम बुद्ध" असं सांगू नका. ही मूर्ती वैरोचन बुद्धाची आहे, सगळ्या विश्वात भरून राहिलेला असा तो बुद्ध. आमच्या घरी भिंतीवर गौतम बुद्ध आणि बाबासाहेब, त्यामुळे आत गेल्यावर मलाही आधी जरा परकंच वाटलं होतं. कंपनीच्या ट्रेनिंगला ओसाकाजवळ होतो, रविवारी एकटाच गेलो. "देवापुढे काय म्हणायचं" हा प्रश्न मलाही पडला होता. शेवटी बाजूला उभा राहून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. शेजारी एक जपानी आजोबा होते. त्यांनी माझं संपेपर्यंत मागे थांबून मग पुढे येऊन नाणं टाकलं. आईंना जे येतं ते म्हणू द्या, आवाज फक्त लहान ठेवायला सांगा.

कार्यक्रमात क्योतो आहेच, तर तिथे सान्जुसान्गेन्दो सोडू नका. १२० मीटर लांब लाकडी दालन आणि त्यात कान्नोनच्या एक हजार एक मूर्ती. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता आहेत, त्यांत इंद्र, ब्रह्मा, गरुड आहेत. आईंना ओळखीचे चेहरे भेटतील, जरी कपडे जपानी असले तरी. तिथे मात्र चपला काढायच्या आणि फोटो बंद, फोन खिशात. म्हणजे तोदाइजीच्या उलट. जपानात प्रत्येक देवळाचा नियम निराळा, दारात पाटी असते ती वाचायची.

आणि कधी दुसऱ्यांदा गेलात तर कोयासानला जा. नांबाहूनच नान्काइची गाडी, पुढे केबल कार. डोंगरावर देवळांचं गाव आहे आणि देवळांतच राहायची सोय आहे. जेवण भिक्षूंचं : मांस-मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं. मी त्याच्यासाठी गेलो होतो, देवळं त्यात झाली.

जाण्याआधी आईंना सवय करायची असेल तर वरळीला पोदार रुग्णालयाजवळचं जपानी मंदिर दाखवा. निप्पोन्झान म्योहोजीवाल्यांचं. त्यांचे गुरू फुजीई १९३१ साली भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. आमच्या लहानपणी त्यांचा डफ घरापर्यंत ऐकू यायचा, "नामु म्योहो रेंगे क्यो". पंथ निराळा आहे, पण जपानी देवळात शांत कसं बसायचं ते कळेल. आणि टॅक्सीने गिरगावातून किती लांब!

फडकेवाडी

सगळ्यांचे आभार. आईला हे सगळं वाचून दाखवलं. बोधिसेनाचं दोनदा वाचायला लावलं. वरळीचं देऊळ शनिवारी करतोय.

टूरवाल्याला फोन केला. म्हणतो, दिवस सोडा पण पैसे परत नाहीत, जेवणाचेसुद्धा नाहीत.

मावशी, राहिलेलं विचारतो. हरणं साडीला तोंड लावतात का? (आईने एक व्हिडिओ पाहिलाय, त्यात एकीची ओढणी खाल्ली.) उपास कसा करायचा? आणि वर टेकडीवर निगात्सुदो म्हणून एक देऊळ आहे, तिथून शहर दिसतं असं वाचलं, ते चढवेल का?

पार्ल्याची_मावशी

जेवणाचे पैसे सोड. टूरचं शाकाहारी जेवण म्हणजे बटाट्याची भाजी, आणि तीही ओसाकाहून डब्यातून आणलेली.

हरणं तोंड लावतात. पदर, नकाशा, तिकीट, प्लॅस्टिकची पिशवी, सगळ्याला. पदर पिन लावून खोचायचा, हातात कागद धरायचा नाही. प्लॅस्टिक तर मुळीच नको, ते खाऊन तिथली हरणं मेलेली आहेत. बिस्किटं तिथेच विकतात, हरणांसाठीच बनवलेली असतात, माणसांनी खायची नाहीत (आमच्या व्याह्यांनी खाल्ली). एकदम सगळी हातात धरली की सहा-सात जणं अंगावर येतात. पिशवीतून एकेक काढायचं, संपलं की दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, मग सोडतात. तुम्ही जाताय तेव्हा नर माजावर असतात, शिंगवाल्यापासून आईंना लांब ठेव. मादी मान लववून मागते, तिला द्या.

उपासाला रताळं. थंडी पडायला लागली की सुपरमार्केटच्या दाराशीच गरम भाजलेली रताळी असतात, सालासकट, वर काही लावलेलं नसतं. एवढी गोड की तूप-साखर लागत नाही. केळी आणि दूध सगळीकडे. उपास नसेल त्या दिवशी सांभाळायचं ते रश्शाला. उदोन, मिसो सूप, शाकाहारी दिसतं पण पाणी माशाचं असतं. नाराला पानात गुंडाळलेली सुंदर दिसणारी सुशी मिळते, तीही मासळीची. उमेबोशी (खारवलेलं फळ) भरलेला भाताचा गोळा घे, आंबट असतो, आईंना आवडेल. नाहीतर ठेपले ने, आणि देवळाच्या आवारात खाऊ नका, हरणं येतील.

निगात्सुदो चढवेल, घाई नको. मूर्तीच्या मंडपामागून वाट वर जाते. शेवटी दगडी पायऱ्या आहेत, कडेला धरायला आहे. देवळाच्या सज्ज्यावर जायला तिकीट नाही आणि तो बंदही करत नाहीत. तिथे दर मार्चमध्ये रात्री मोठ्या मशाली घेऊन भिक्षूंचे सेवक त्या लाकडी सज्ज्यावरून धावतात. ७५२ सालापासून तो विधी एकही वर्ष चुकलेला नाही. जमलं नाही तर आईंना पायऱ्यांच्या खाली बाकावर बसव आणि तू पळत जाऊन ये.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, तारखा बघूनच आठवलं. ऑक्टोबरअखेरीस नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइनचं, म्हणजे तोदाइजीच्या जुन्या खजिन्याच्या कोठाराचं, प्रदर्शन असतं. शोमु सम्राटाच्या वस्तू, वर्षातून तेवढेच दिवस काढतात, दर वर्षी निराळ्या. त्यासाठी अख्खा जपान लोटतो. तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावं लागतं, दारात मिळेल असं धरू नकोस. तुम्हाला नाही बघायचं तरी त्या दिवसांत किन्तेत्सुच्या गाड्यांना सकाळी गर्दी असेल. नांबाहून साडेसहाच्या आत निघ, बसायला मिळेल.